धुराची सवय

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला 'घाबरू नका' असं सगळेच सांगतात. पण ऑपरेशनच्या आधीचे दोन तास कसे घालवायचे ते कुणी सांगत नाही. दर दहा मिनिटांनी सिस्टर येऊन डोळ्यात थेंब घालते, बाहुली मोठी होते, मग पेपर वाचता येत नाही की टीव्ही बघता येत नाही. उताणं पडून छताकडे बघत राहायचं. यंदा पावसाळा सरता सरता मीही असाच एका छोट्या खासगी रुग्णालयात पडून होतो. गावाचं नाव सांगत नाही. शिरगावहून रिक्षानं जाता येतं एवढं पुरे. डाव्या डोळ्यापुढे सगळं विरघळलेलं होतं, उजवा त्यातल्या त्यात बरा होता. त्या उजव्या डोळ्याला छतावर वाटीएवढी एक पांढरी वस्तू दिसली आणि तिच्यावर पिवळ्या प्लॅस्टिकची टोपी.

ती वस्तू म्हणजे स्मोक डिटेक्टर, धूर ओळखणारं यंत्र. टोपी त्याला कारखान्यातून येतानाच घातलेली असते. इमारतीचं रंगकाम, घासकाम चालू असताना आत धूळ जाऊ नये म्हणून. काम संपलं की ती काढायची असते. या रुग्णालयाला दोन वर्षं झाली होती. फीत कापतानाचा फोटो खाली काउंटरच्या मागे लावलेला आहे.

"सिस्टर, ती पिवळी टोपी काढायची असते," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "नाही काका, ते तसंच येतं. चालू आहे ते. लाइट लागतो बघा त्याचा."

खरंच, टोपीच्या कडेला एक तांबडा ठिपका अधूनमधून लुकलुकत होता. मी गप्प बसलो. ज्यांच्या हाती आपला डोळा द्यायचा आहे त्यांच्याशी ऐनवेळी वाद घालू नये, एवढी अक्कल वयानं आलेली आहे. पण गप्प बसण्याचं खरं कारण निराळं होतं. अशी एक टोपी मी स्वतः घातलेली आहे.

गोष्ट २००४ सालची. मी तेव्हा मुंबईच्या उपनगरातल्या एका शाखेत अधिकारी होतो. शाखा तळमजल्यावर, वर पाच मजले राहत्या घरांचे. मागच्या बाजूला रेकॉर्ड रूम. ज्यांनी जुन्या बँका आतून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको: सुतळीनं बांधलेली व्हाउचरांची बंडलं, लेजरं, रद्द झालेली चेकबुकं, आणि एका कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या. त्या खोलीतला डिटेक्टर संध्याकाळी कधीही वाजायचा. भोंगा असा की पाचव्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली यायचे. देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडे होतं तो माणूस यायचा, डिटेक्टर काढून फुंकर मारायचा, परत बसवायचा. आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी एका संध्याकाळी आमच्या हेड कॅशियरनं नाण्यांची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली, शिपायानं स्टुलावर चढून ती डिटेक्टरला घातली आणि वरून दोन रबरबँड लावले. स्टूल डगमगत होतं. ते धरून खाली मी उभा होतो.

त्यानंतर चौदा महिने शाखेत शांतता होती. दर महिन्याला एका रजिस्टरात 'अग्निसूचक यंत्रणा चालू स्थितीत आहे' या ओळीखाली मी सही करत होतो. त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नव्हतं! पॅनेलवर हिरवा दिवा होता. तारा शाबूत आहेत आणि डिटेक्टर जागेवर आहे, एवढंच पॅनेलला कळत होतं. डिटेक्टरच्या तोंडावर पिशवी आहे हे त्याला कसं कळावं?

एका सोमवारी सकाळी रेकॉर्ड रूमचं दार उघडलं तर करपट वास आला. रॅकच्या मागून गेलेल्या वायरच्या एका जोडापाशी आवरण वितळलेलं होतं आणि त्याला टेकलेली बंडलं कडेनं काळी पडली होती. ज्वाळा झालीच नव्हती. खोली बंद, हवा बेताची, त्यामुळे कागद रात्रभर धुमसून आपोआप विझले होते. भिंत छतापर्यंत काजळली होती. आणि त्या पिशवीवर करड्या रंगाचा एक थर बसला होता. मी स्वतः स्टुलावर चढलो, पिशवी काढली, घडी करून खिशात घातली. वर गेलेल्या अहवालात 'किरकोळ शॉर्ट सर्किट, नुकसान नगण्य' असं लिहिलं. पिशवीचा उल्लेख केला नाही. तो आज इथे करतो आहे.

निवृत्तीनंतर शिरगावला येऊन राहिलो. कोटाच्या भिंती, समुद्र, सुरूची झाडं, शेजारी सातपाटी. लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? न्यू जर्सीचा भाचा आला तेव्हा त्यानं बॅटरीवर चालणारा एक डिटेक्टर आणला. त्यांच्याकडे तो घराघरांत असतो. मी तो हौसेनं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या चौकटीवर लावला. दुसऱ्याच दिवशी सौ.नं सुके बोंबील तव्यावर टाकले आणि यंत्रानं जो टाहो फोडला त्यानं मांजर आठ दिवस घरात फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी लसणीची फोडणी. मग संध्याकाळचा धूप. सौ. म्हणाली, "एकतर हे राहील, नाहीतर मी." माझा हात नकळत प्लॅस्टिकच्या पिशवीकडे गेला.

त्या वेळी गावातलाच एक पोरगा घरी आला होता. बोईसरच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या आग-सूचना यंत्रणांची देखभाल करणं हा त्याचा धंदा. त्यानं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "काका, आधी ते काय बघतं ते तर बघा," म्हणाला. सातपाटीहून त्याच्याबरोबर आलेल्या पापलेटांपेक्षा त्या संध्याकाळचं त्याचं बोलणं मला जास्त आठवतं, आणि हे मी पापलेटाचा अपमान करण्यासाठी म्हणत नाही.

कौलारू घरात लहानपण गेलेल्यांना कवडसा आठवत असेल. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर पडते. हवा अगदी स्वच्छ असेल तर ती तिरीप बाजूनं दिसायची नाही, जमिनीवरचा ठिपका तेवढा दिसेल. आपल्याला ती काठीसारखी उभी दिसते, कारण धुळीचे कण उजेड चहूकडे उडवतात आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो. टिंडॉल नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून त्याचं नाव या प्रकाराला मिळालं. डिटेक्टर म्हणजे हा कवडसाच. आत काळ्या प्लॅस्टिकची एक छोटी अंधारी खोली असते. तिच्या भिंती चक्रव्यूहासारख्या वाकड्या, हवा आत येते पण बाहेरचा उजेड येत नाही. एका बाजूला डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या अलीकडचा प्रकाश टाकणारा बारीक दिवा. दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. पण दोघं समोरासमोर नसतात, तिरके बसवलेले असतात. हवा स्वच्छ असेल तेव्हा दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. धूर आत शिरला की कण उजेड विखुरतात आणि डोळ्याला तो दिसतो.

इथवर सोपं आहे. पुढचं मला ठाऊक नव्हतं. तो दिवा सतत जळत नाही, काही सेकंदांनी एकदा क्षणभर उडतो. उडण्याच्या आधी डोळा अंधाराचा आकडा टिपतो, उडताना उजेडाचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करतो. म्हणजे चुकून आत झिरपलेला बाहेरचा उजेड किंवा विजेची खरखर हिशेबातून जाते. उष्णतेनं दिव्याचा प्रकाश थोडा मंदावतो, त्याचीही भर आत घातली जाते. असा शुद्ध केलेला आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तरी शहाणं यंत्र लगेच ओरडत नाही. भराभर आणखी दोनतीनदा बघतं. एखादा किडा आत फिरकला असेल किंवा उदबत्तीचा एक झोत आला असेल तर पुढचे आकडे खाली येतात. वरच राहिले तरच भोंगा. मर्यादा किती? साधारण असा धूर, की एक फूट अंतर कापताना शंभरातला दोनतीन टक्के उजेड अडेल. खोलीत तो धूर आपल्याला जेमतेम दिसतो.

"आता धुळीचं ऐका," तो म्हणाला. "सूतगिरणीत डिटेक्टर लावला, पहिल्या दिवशी हवा स्वच्छ असतानाचा त्याचा आकडा समजा वीस. सहा महिन्यांनी आतल्या भिंतींवर धूळ बसली. धूळ फिकट असते, ती उजेड उडवते. धूर नसतानाच आकडा तीस. भोंग्याची मर्यादा साठावर असेल तर आधी चाळीसाचा धूर लागायचा, आता तिसाचाच पुरतो. वर्षानं दहाचा. मग फुंकर मारली तरी वाजतं."

माझ्या रेकॉर्ड रूममधलं भूत वीस वर्षांनी असं हाती लागलं. आमचा डिटेक्टर खोटं बोलत नव्हता. त्याच्या पोटात आमचीच धूळ होती.

यावर कारखानदारांनी काढलेला उपाय मोठा गमतीचा आहे. नव्या डिटेक्टरमध्ये एक छोटी स्मरणशक्ती असते. यंत्र आपल्याच आकड्यांची अनेक तासांची, अनेक दिवसांची सरासरी काढत राहतं. ती सरासरी हळूहळू वर सरकली तर ते समजतं की ही धूळ आहे, आणि भोंग्याची मर्यादाही तेवढीच वर सरकवतं. स्वच्छ हवेचा आकडा वीसवरून तीस झाला तर मर्यादा साठावरून सत्तर. मधलं अंतर चाळीसच. म्हणजे वर्षभरानंतरही तेवढ्याच धुराला ते तेवढ्याच तत्परतेनं ओरडतं.

मी बँकेतला माणूस. हे ऐकताना मला आमचं सस्पेन्स खातं आठवलं. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तीन रुपये सत्तर पैशांचा फरक राहिला, की तो सस्पेन्सला टाकायचा आणि घरी जायचं. उद्याचा हिशेब स्वच्छ सुरू होतो. हे खातं नसतं तर कुठलीच शाखा रात्री दहाच्या आत बंद झाली नसती. पण त्याची दोन पथ्यं असतात. एक, त्या खात्यात किती साठलं हे कायम दिसलं पाहिजे. दोन, ठरावीक रकमेच्या वर गेलं की कुणीतरी येऊन विचारलं पाहिजे. या दोन गोष्टी सुटल्या तर काय होतं ते बँकांच्या अफरातफरींच्या बातम्यांत आपण वाचतोच.

डिटेक्टरच्या बाबतीत ही दोन्ही पथ्यं पाळलेली असतात हे ऐकून मला त्या यंत्राबद्दल आदर वाटू लागला. किती धूळ 'सवयीत धरली' याचा आकडा ते जपून ठेवतं. ही सवय कुठवर करून घ्यायची त्यालाही हद्द असते. हद्द आली की ते भोंगा वाजवत नाही, पण पॅनेलला कळवतं की मी मळलो आहे, मला साफ करा, यापुढे माझ्यावर भरवसा ठेवू नका. स्वतःच्या सवयीचा हिशेब ठेवणारी माणसं मी नोकरीच्या सदतीस वर्षांत फारशी पाहिली नाहीत.

पण मला एक शंका आली. आमची बंडलं रात्रभर हळूहळू धुमसत होती. आकडा असाच धिम्या गतीनं चढला असता तर हे हुशार यंत्र धुरालाच धूळ समजून मर्यादा वर सरकवत बसलं नसतं का?

पोरगा खूश झाला. "हाच तर खरा प्रश्न आहे, काका." म्हणून सवय लावून घेण्याचा वेग मुद्दाम अत्यंत मंद ठेवतात. गादीत पडलेली विडी धुमसायला काही तास घेईल, पण आठवडे घेणार नाही. धूळ आठवडे घेते. त्या दोन वेगांच्या मध्ये यंत्राचा वेग बसवायचा. युरोपच्या 'ईएन ५४' या मानकाच्या सातव्या भागात तशी अटच आहे: धुळीची भरपाई करताना संथ वाढणाऱ्या आगीबद्दलची जाग कमी होता कामा नये. मला हे वाक्य फार आवडलं. इतकी नेमकी अट माणसांच्या संस्थांना कुणी घातल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली आणि मी दोन दिवस तिचाच विचार करत होतो. स्वच्छ हवेतला आकडा कधीच शून्य नसतो. काळ्या भिंतींवरूनही थोडा उजेड परततोच. त्यामुळे आकडा शून्यावर आला तर यंत्र खूश होत नाही, बिघाड कळवतं. कारण शून्याचा अर्थ दिवा गेला किंवा डोळा गेला. इकडे आपल्या कचेऱ्यांत 'निरंक' हा सर्वांत सुखाचा शब्द. तक्रारी निरंक, त्रुटी निरंक, थकबाकी निरंक. मी स्वतः अशी किती निरंक विवरणपत्रं वर पाठवली असतील!

डिटेक्टरची दुसरीही एक जात आहे, तिच्यात प्रकाशाऐवजी अमेरिशिअम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ कणमात्र असतो. भडकलेल्या ज्वाळेचा बारीक धूर तिला लवकर कळतो, धुमसणाऱ्या आगीचा उशिरा. आपल्याकडे तिच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. अमेरिशिअम अणुभट्टीत तयार होतं म्हटल्यावर तारापूरच्या इतक्या जवळ राहणाऱ्या सौ.नं तो आमच्या घरातला कुठला, एवढंच विचारलं. आमच्या घरातला प्रकाशाचा. असो. आणि बोंबलांचं म्हणाल तर आमचीच चूक होती. स्वयंपाकघराच्या दारात तो लावायचाच नसतो. आता हॉलच्या पलीकडे, झोपायच्या खोलीबाहेर आहे, आणि मांजरही परत आलं आहे. तळण्या-भाजण्याच्या धुराची अडचण तिकडेही आहे. अमेरिकेच्या घरगुती डिटेक्टरच्या मानकात आता एक चाचणी अशी आहे की हॅम्बर्गर भाजताना यंत्रानं उगाच ओरडता कामा नये. सुक्या बोंबलांची चाचणी आपल्यालाच घालावी लागेल.

सवयीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बोईसर स्टेशनवर उतरलं की हवेला कधीकधी एक आंबट, औषधी वास येतो. पाहुणा नाकाला रुमाल लावतो. तिथे राहणाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "कसला वास?" तो खोटं बोलत नसतो. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, त्याचा आधार बदलतं. फरक इतकाच की किती सरावलं याची नोंद ते ठेवत नाही. माझ्या डोळ्याचंही तेच झालं होतं. मोतीबिंदू म्हणजे तरी काय? डोळ्याच्या भिंगात उजेड विखुरतो, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटलेल्या काचेसारखे पसरतात. पण हे वर्षावर्षानं इतकं हळू होतं की मला पांढरी भिंत पांढरीच दिसत होती. ऑपरेशननंतर डोळ्यावरचं झाकण निघालं, दोन्ही डोळे आळीपाळीनं मिटून पाहिलं, तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याची पांढरी भिंत चहाच्या डागासारखी पिवळट आहे. तो डोळा मी 'बरा' समजत होतो.

आता ज्याच्यासाठी लेखणी हातात घेतली तिकडे वळतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागली. विभागात १७ बाळं होती. ड्यूटीवरच्या परिचारिकेला धूर दिसला तेव्हा वेळ हातची गेली होती. ७ बाळं वाचली, १० गेली. त्या दहांपैकी तीन होरपळून आणि सात धुरानं गुदमरून गेली, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. हे गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण आग म्हणतो, पण मारतो तो बहुधा धूर. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश सुटले. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे आमच्याच पालघर जिल्ह्यात, विरारला, एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला, तेराहून अधिक कोविड रुग्ण गेले. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. तिन्ही ठिकाणी माणसं अशी होती की ज्यांना उठून पळता येत नव्हतं. अशा माणसांसाठी धूर लवकर कळणं म्हणजे मिनिटांचाच प्रश्न असतो.

कायदा नाही असं नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा वापर करणाऱ्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. धंद्यात त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. हे वाचलं आणि माझ्या रजिस्टरातली ती ओळ डोळ्यापुढे आली. 'चालू स्थितीत आहे.' खाली सही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या सहीबरोबर आकडे मागा. मोठ्या रुग्णालयांत, मॉलमध्ये, कार्यालयांत आता अशी पॅनेलं असतात की प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. कुठला किती मळला आहे, कुठला हद्दीला पोचला आहे, कुठला तात्पुरता 'बंद' करून ठेवला आहे आणि कुठल्या तारखेपासून, हे सगळं त्यात असतं आणि बहुतेक पॅनेलांतून कागदावर काढता येतं. ती यादी फॉर्म बीला जोडायला लावा. एका प्रतीला खर्च किती? एखाद्या रुपयाचा. आणि तीच यादी रुग्णालयाच्या दर्शनी भागात, दरपत्रकाच्या शेजारी लावा. सामान्य माणसाला त्यातलं काय कळणार, असं म्हणणारे भेटतील. बँकेच्या दारात व्याजदराचा फलक लावला तेव्हाही तेच म्हणत होते.

छोट्या रुग्णालयांचं काय? त्यांच्याकडे जुन्या पद्धतीची पॅनेलं असतात, त्यांना क्रमांकाची भाषा येत नाही. तिथे हातानं तपासणी हाच मार्ग. डिटेक्टरच्या बटणाचा भरवसा मात्र धरू नका. बटण दाबलं की आतली विद्युतजोडणी ठीक आहे एवढं कळतं. तोंडावर पिशवी असली तरी तो वाजेल. त्या पोरानं हे मला आमच्याच डिटेक्टरवर करून दाखवलं, वर पिशवी धरून. खरी तपासणी म्हणजे तोंडाशी धूर नेऊन पाहणं. त्यासाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. हे काम प्रत्येक डिटेक्टरपाशी शिडी लावून करावं लागतं, वेळ लागतो, आणि जितक्या पैशांत अशी कंत्राटं आज दिली जातात त्यात ते होत नाही, हे मला त्या पोरानंच प्रामाणिकपणे सांगितलं. "सही करणारे आमच्यातलेच असतात, काका," म्हणाला. मी म्हटलं, सही घेणारे आमच्यातले.

खोट्या भोंग्यांना कंटाळलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला चाळीस रुग्ण बघायचे असतात, त्यात भोंगा तिसऱ्यांदा वाजला तर तिनं काय करावं? पण खोटा भोंगा बहुधा काहीतरी खरं सांगत असतो: इथे धूळ आहे, इथे वाफ येते, जागा चुकली. त्याचं तोंड बांधण्यापेक्षा त्याची जागा बदलणं स्वस्त पडतं. नव्या डिटेक्टरपैकी काही निळा आणि तांबड्याअलीकडचा असे दोन प्रकाश वापरून कणांचा आकार ताडतात, वाफ कुठली आणि धूर कुठला ते बऱ्याच अंशी ओळखतात. महाग आहेत, पण अतिदक्षता विभागापुरते घ्यायला हरकत काय?

परवा उजव्या डोळ्यासाठी पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. तीच खाट मिळाली नाही, पण छत तेच. या वेळी डाव्या, नव्या डोळ्यानं वर पाहिलं. पिवळी टोपी नव्हती! डिटेक्टरच नव्हता. रिकामी बैठक आणि दोन तारा.

तीच सिस्टर थेंब घेऊन आली. "काका, तुम्ही म्हणालात म्हणून टोपी काढली," ती म्हणाली. "मग रोज वाजायला लागलं. पलीकडे तो ऑटोक्लेव्ह आहे ना, हत्यारं उकळायचा, त्याचं दार उघडलं की वाफ येते. पेशंट घाबरतात. म्हणून मॅडमनी काढूनच ठेवायला सांगितलं."

मी म्हटलं, "काढू नका. दोनतीन मीटर पलीकडे, त्या खिडकीच्या बाजूला सरकवून घ्या. आमच्या गावात एक पोरगा आहे, तो येऊन बघेल. नंबर देतो."

तिनं नंबर लिहून घेतला, डोळ्यात थेंब घातले आणि डोळे मिटून पडायला सांगितलं. घरी आल्यावर सौ.नं केसपेपर उघडला, तर नंबर त्याच्याच मागे लिहिलेला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढायला गेलो तेव्हा तो पुन्हा लिहून दिला, या वेळी मॅडमच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर.